घाटी लेझीम: एका शिवीचा आणि एका साखळीचा इतिहास

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच.)

आज सुरुवात एका कबुलीने करते.

२०१६ सालची गोष्ट. मी पंधरा वर्षांची होते, भांडुपला राहायचे आणि घाटकोपरला एका डान्स क्लासला जायचे. हिप-हॉप. महिन्याची फी आईने कशी जमवली ते तिलाच माहीत. एक दिवस नवीन स्टेप बसवताना माझे गुडघे जरा जास्त वाकत होते, पाय जरा जास्त जोरात आपटत होते. सरांनी म्युझिक थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ए, ती घाटी स्टेप नको यार. स्मूथ कर." सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर वेगळी पडले असते ना!

माझ्या पायात ते कुठून आलं होतं हे मला नेमकं माहीत होतं. पाचवीपासून शाळेत लेझीम खेळले होते. आणि त्याआधीपासून आमच्या आजोबांच्या मागे मागे, गणपतीच्या मिरवणुकीत.

त्याच वर्षी विसर्जनाच्या दिवशी आजोबांनी लेझीम माझ्या हातात दिली. त्यांचे तीन-चार जुने सोबती उभे होते, हलगीवाला हलगी शेकत होता. मी लेझीम परत त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मी नाही नाचणार हे घाटी."

आजोबा रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "घाटीच आहे ती. दुसरं नावच नाही तिला."

मला वाटलं, त्यांना लागलं म्हणून ते तसं बोलले. त्यांचं ते वाक्य मला समजायला सहा वर्षं लागली. आजचा भाग त्या वाक्यावर आहे.

धनुष्य, पण बाण नसलेलं

लेझीम हा शब्द मुळात मराठी नाही. फारसीत 'लेझम' म्हणजे सरावाचं धनुष्य. विचार करा, तिरंदाजाला रोज शेकडो वेळा धनुष्य ताणायचंय. खांदे, पाठ, दंड तयार करायचेत. पण प्रत्येक वेळी बाण सोडायची गरज नाही. म्हणून सरावासाठी वेगळं धनुष्य आलं. पुढे त्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावली, म्हणजे वजन वाढलं. साखळीत चकत्या ओवल्या, म्हणजे प्रत्येक ओढीला आवाज येऊ लागला.

इराणमध्ये आजही 'झूरखाना' नावाचे आखाडे आहेत. तिथे पहिलवान डोक्यावर साखळीचं जड लोखंडी धनुष्य धरून डावीकडून उजवीकडे खणखणवतात, आणि एक जण ढोल वाजवत त्यांना ताल देतो. युनेस्कोने २०१० साली झूरखान्याची ही परंपरा मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. युट्यूबवर व्हिडिओ आहेत, जरूर बघा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुर्ला स्टेशनवर गाडीची वाट बघत होते. इअरफोनमधून तो खणखणाट आला आणि माझी मान आपोआप हलली. अनोळखी देश, अनोळखी भाषा, पण तो आवाज माझ्या गल्लीतला.

आपल्याकडच्या आखाड्यांत हे साखळीचं धनुष्य तालमीचं साधन म्हणून आलं. दंड, बैठका, मुदगल, मल्लखांब यांच्या रांगेत लेझीम. म्हणजे आधी व्यायाम. नाच नंतर.

दोन प्रकारच्या लेझमी

आता त्या वाक्याकडे येते.

कॉलेजात असताना माझी एक मैत्रीण शारीरिक शिक्षणाच्या प्रवेशाची तयारी करत होती. तिच्या अभ्यासक्रमाची प्रत मी सहज चाळत होते. त्यात देशी व्यायामप्रकारांची यादी होती. डंबेल्स, लाठी, आणि मग छापील अक्षरांत, एकाखाली एक: 'घाटी लेझीम' आणि 'हिंदुस्थानी लेझीम'.

मी ती ओळ तीनदा वाचली.

म्हणजे 'घाटी' हे एका प्रकाराचं अधिकृत नाव आहे. हिंदुस्थानी लेझीम वेगळी आणि घाटी लेझीम वेगळी. घाटी म्हणजे घाटावरची. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडच्या मुलखात, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात रुजलेली. मोठ्या धनुष्याच्या जागी हातभर लांबीचा लाकडी दांडा, त्याला साखळी, साखळीच्या मध्यावर धरायला मूठ, आणि साखळीत पत्र्याच्या चकत्या. हलकी आणि एका हातात मावणारी. आखाड्यातलं जड साधन घेऊन कोण मैलभर मिरवणुकीत चालणार? हलकी झाली म्हणून ती आखाड्याच्या बाहेर पडली. पालखीपुढे गेली, जत्रेत गेली, वरातीत गेली.

आजोबा मला टोमणा मारत नव्हतेच. ते फक्त माहिती देत होते! तिचं नावच ते आहे.

मग हा शब्द शिवी कधी झाला?

मुंबई ते पुणे हा रेल्वेमार्ग बोरघाटातून १८६३ साली सुरू झाला. त्याआधीच, १८५०च्या दशकात, मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली होती. गिरण्यांना माणसं हवी होती आणि माणसांना पोट होतं. कोकणातून रत्नागिरीची माणसं आली, घाटावरून साताऱ्याची आली. कोणी गिरणीत लागलं, कोणी गोदीत, कोणी मशीद बंदरला डोक्यावर ओझी वाहायला.

कोकणातून आलेला तो कोकणी आणि घाट उतरून आलेला तो घाटी. सुरुवातीला एवढाच अर्थ. पण शहरात कोणत्याही शब्दाला तो उच्चारणाऱ्याचा पगार चिकटतो. ओझी वाहणारा, भांडी घासणारी, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा माणूस 'घाटी' होता. मग घाटी म्हणजे अडाणी, घाटी म्हणजे गावठी, घाटी म्हणजे भडक. पुढे तर मराठी बोलणारा कोणीही घाटी. माझ्या क्लासच्या सरांना तो शब्द कुठून आला हे ठाऊक नसणार. त्यांनी तो वापरला, जसा आपण सगळेच वापरतो.

आणि गंमत बघा, गावाहून येताना या माणसांनी पत्र्याच्या ट्रंकेत ज्या थोड्या गोष्टी आणल्या, त्यात लेझीम होती. गिरणगावात तालमी उभ्या राहिल्या. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि मिरवणूक हे कामगाराचं हक्काचं व्यासपीठ झालं. वर्षभर मान खाली घालून काम करणारा माणूस त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध, छाती काढून खेळायचा. ट्रॅफिक त्याच्यासाठी थांबायचं.

बडोदा ते कांदिवली

पण माझी आई मुलुंडच्या शाळेत लेझीम शिकली, मी भांडुपच्या शाळेत शिकले. मिरवणुकीतली गोष्ट पीटीच्या तासात कशी आली? इथे गोष्ट बडोद्याला जाते.

बडोद्यात राजरत्न माणिकराव म्हणून व्यायामाचे मोठे आचार्य होते. आपल्या गुरूंच्या नावाने त्यांनी आखाडा चालवला, जुम्मादादा व्यायाम मंदिर. माणिकरावांनी एक महत्त्वाचं काम केलं. देशी व्यायाम हा एकेकट्याने करायचा असतो ही समजूत त्यांनी मोडली. शेकडो मुलांनी एकाच वेळी, एका तालात करायची सामुदायिक कवायत त्यांनी बसवली, आणि तिच्या आज्ञा इंग्रजीऐवजी हिंदीत दिल्या. काळ ब्रिटिशांचा होता हे लक्षात घ्या. मैदानावर हुकूम कोणत्या भाषेत द्यायचा हा तेव्हा साधा प्रश्न नव्हता.

शाळेत लेझीम खेळला असाल तर आठवा. आगे पाँव. दो फेरकी. कदमताल. पवित्रा. सगळी नावं हिंदी थाटाची! मला लहानपणी कोडं पडायचं, मराठी शाळेत, मराठी बाई, आणि हुकूम हिंदीत का? तर ही कवायतीची परंपरा अशी दूरवरून चालत आलेली आहे.

माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात एक तरुण शिकला. जगन्नाथ गणेश गुणे. पुढे हेच स्वामी कुवलयानंद, ज्यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. लोक त्यांना योगासाठी ओळखतात, पण शाळेतल्या पीटीवर त्यांचा मोठा हात आहे. १९३७ साली बाळासाहेब खेर मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. त्यांच्या सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं कुवलयानंदांना. १९३८ साली त्यातून एक संस्था उभी राहिली. पीटी शिक्षक तयार करणारी सरकारी प्रशिक्षण संस्था. कुठे? कांदिवलीत.

हो, आपल्या कांदिवलीत. बोरिवलीच्या अलीकडचं स्टेशन. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ, जे पुढे १९५७ साली ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचेही पहिले प्राचार्य झाले. कांदिवलीत तयार झालेले शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले. तालमीतला व्यायाम शिट्टीच्या इशाऱ्यावर, रांगेत, पांढऱ्या कपड्यात शिकवायला माणसं तयार झाली.

आपण उपनगरवाले नेहमी समजतो की इतिहास दादरच्या पलीकडे संपतो. गिरगावला इतिहास, लालबागला इतिहास, आपल्याकडे फक्त बिल्डिंगी. मेट्रोने कांदिवलीवरून जाल तेव्हा एकदा हे आठवा.

आठ आवाज आणि एट काउंट

आता शरीराबद्दल बोलते. कारण 'ही काय स्टेप आहे' असं म्हणणाऱ्याने एकदा पंधरा मिनिटं लेझीम खेळून दाखवावी.

डाव्या हातात लाकडी दांडा, उजव्या हातात साखळीची मूठ. उघडली की साखळी ताणली जाते आणि चकत्या वाजतात. मिटली की पुन्हा वाजतात. म्हणजे प्रत्येक आवाज हा दोन्ही खांद्यांनी, पाठीने काढलेला असतो. त्यात वाकणं आहे, पुढे पाय टाकणं आहे, गिरकी आहे, पूर्ण बैठक आहे. बैठकीत बसल्या बसल्या आवाज काढून त्याच ठोक्यावर उठायचं. हे एकदा नाही, हलगी थांबेपर्यंत. आणि हलगी थांबत नाही, ती वाढत जाते.

घाटी लेझमीचा पाया म्हणजे 'आठ आवाज'. आठ ठोके, आठ जागा, मग पुन्हा पहिल्यापासून. आता सांगा, हिप-हॉप क्लासमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतात? एट काउंट! फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. ज्या गोष्टीसाठी आई फी भरत होती, ती मोजदाद माझ्या अंगात पाचवीपासून होती. सरांना जे गुडघे जास्त वाकलेले वाटले, त्याला हिप-हॉपवाले 'बाउन्स' म्हणतात आणि तो मुद्दाम शिकवतात.

दुसरी गोष्ट, लेझीम एकट्याने शोभत नाही. वीस-पंचवीस जण लागतात. एकाचा आवाज अर्धा क्षण मागे पडला की सगळ्यांना ऐकू येतं. नाचात पाऊल चुकलं तर बघणाऱ्याची नजर तरी चुकते. इथे तुमची चूक वाजते! त्यामुळे तुम्ही शेजाऱ्याकडे न बघता त्याला ऐकायला शिकता. शाळेत मी लाजरी होते, वर्गात तोंड उघडायचे नाही. लेझमीच्या रांगेत मात्र मला पहिल्यांदा कळलं की चाळीस मुलींमध्ये माझा आवाज असला काय, नसला काय, फरक पडतो.

१९८२

या सालाबद्दल सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

१८ जानेवारी १९८२. मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढारी होते घाटकोपरचे डॉक्टर दत्ता सामंत. आजोबा तेव्हा बत्तीस वर्षांचे, परळच्या एका गिरणीत साचेवाले. फेब्रुवारी गेला, पावसाळा गेला, गणपती गेले. संप मिटेना. त्या वर्षी त्यांच्या तालमीची लेझीम निघाली, पण बरेच खेळणारे गावी परतले होते. रांग अर्धीच भरली.

आणि १९ नोव्हेंबर १९८२ला दिल्लीत आशियाई खेळांचं उद्घाटन झालं. रंगीत टीव्ही त्याच वर्षी देशात आला होता. आजोबांनी मात्र ते भांडुपला मामांच्या चाळीत, एका शेजाऱ्याच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर पाहिलं. खोलीत तीस माणसं, दारात आणखी वीस. देशोदेशीचे खेळाडू स्टेडियममध्ये, आणि मैदानावर सांगली जिल्ह्यातून आलेले शेकडो खेळाडू लेझीम खेळत होते.

दहा महिने पगार नसलेली माणसं बघत होती. आजोबा सांगतात, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण फक्त म्हणाला, "अरे, ही आपली." आणि मग सगळे गप्प.

मी खूपदा या दृश्याचा विचार करते. त्याच वर्षी, त्याच माणसांची कला देशाचा अभिमान म्हणून जगापुढे खेळली गेली, आणि तीच माणसं मुंबईत नको झाली होती. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. आजोबा परत साच्यावर उभे राहिले नाहीत. भांडुपला एका कारखान्यात वॉचमन झाले, आणि आमचं घर उपनगरातलं झालं.

मला वाटतं, कलेचं कौतुक करणं सोपं असतं. ती खेळणाऱ्या माणसाला शेजारी म्हणून घेणं अवघड.

खेळ, नाच की मान?

आता अलीकडचं. जानेवारी २०२५मध्ये 'छावा' सिनेमाचा ट्रेलर आला. त्यात छत्रपती संभाजी महाराजांच्या भूमिकेतला विकी कौशल लेझीम खेळताना दिसला आणि वाद पेटला. महाराजांना नाचताना दाखवलं, असा आक्षेप होता. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि तो प्रसंग काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. सिनेमा १४ फेब्रुवारीला त्या प्रसंगाशिवाय आला.

मी त्या वादात बाजू घेणार नाही. महाराजांबद्दलच्या भावना मला समजतात, आणि सिनेमात गाण्याच्या चालीवर एखादी गोष्ट कशी दिसते हा प्रश्नही खरा आहे. पण त्या दिवसांत एक वाक्य मी खूप ऐकलं: "लेझीम म्हणजे काय, नाचच ना?" तेव्हा मला थांबवून सांगावंसं वाटायचं की हे तिरंदाजाच्या सरावाचं साधन आहे, तालमीतला व्यायाम आहे, मिरवणुकीतला खेळ आहे, आणि हो, नाचही आहे. एक असलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगला पदकं मिळाली तेव्हा जगानेही हाच वाद घातला, हा नाच की खेळ? आपल्याकडे त्याचं उत्तर भाषेतच आहे. आपण लेझीम 'नाचतो' असं क्वचित म्हणतो. आपण लेझीम खेळतो.

आणि नाच म्हटल्याने मान कमी का व्हावा? आमच्या घाटकोपर-मुलुंड-बोरिवलीत नवरात्रात गरबा रंगतो. डिसेंबर २०२३मध्ये गरबा युनेस्कोच्या यादीत गेला. आमच्या गुजराती शेजाऱ्यांना त्याचा केवढा आनंद झाला! त्यांच्या मुली फॅशन म्हणूनही गरबा खेळतात आणि भक्ती म्हणूनही. त्यांना कोणी विचारत नाही, यातलं नक्की काय. आपण मात्र स्वतःच्या गोष्टीला आधी हसतो आणि नंतर तिच्यासाठी भांडतो.

शेवटचं

आजोबा आता पंचाहत्तरीचे आहेत. गुडघा गेलाय, बैठक होत नाही. गेल्या दोन वर्षांपासून रविवारी सकाळी ते बिल्डिंगच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसतात आणि आम्ही नऊ जण खेळतो. त्यात दोघी गुजराती, एक तमिळ मुलगा, आणि माझी आई, जिला अजून सगळं पाठ आहे. लेझमी जुन्याच आहेत. हलगी नाही, मोबाइलला छोटा स्पीकर जोडतो. आजोबांना ते आवडत नाही. ते खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल देतात आणि आम्ही स्पीकर बंद करून तोच ऐकतो.

पहिल्या रविवारी मी त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "आजोबा, तेव्हा मी चुकले." त्यांना तो दिवस आठवतच नव्हता. किंवा आठवत असेल, बोलले नसतील. म्हणाले, "गुडघा अजून वाकव."

सरांनी जे कमी करायला सांगितलं होतं, तेच!

तुमच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली, एखादी गंजलेली लेझीम असेल तर काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुठून आली, कोणी शिकवली, कुठे खेळायचात. आणि मोबाइल आहेच हातात, रेकॉर्ड करा. आमच्या आजोबांचे सोबती, जे २०१६ साली तिथे उभे होते, त्यातले दोघे आता नाहीत. त्यांचा आवाज माझ्याकडे नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून राहा, आणि कोणी घाटी म्हटलं तर विचारा, "कोणती? आठ आवाज येतात का तुला?"